मालनकाकूंचं निदान

पार्ल्यातल्या त्या वाडीत डॉक्टर होते, वैद्यही होते. पण कुणाच्या घरी पाळणा हलणार हे सांगायचा मान मालनकाकूंचा. नाडी बघायची त्यांना गरज लागत नसे. सून कळशी कशी उचलते, आमटीकडे बघून नाक कसं मुरडते, एवढ्यावर त्या सांगत. निदान खोटं ठरलं तर म्हणत, "दृष्ट लागली." त्यामुळे त्या आजवर चुकल्या नव्हत्या.

वसुधा मुलुंडहून, भावाकडून, आईचे दिवस करून परतली ती सुकूनच. पानावर बसली की घास तोंडात फिरे. तळणाचा वास आला की तेराव्याचे वडे आठवून पोटात ढवळे. दुपारी भिंतीला टेकली की डोळा लागे, कारण रात्री लागत नसे. आई गेलेल्या मुलीचं होतं तसं तिचं झालं होतं. मालनकाकूंनी हे सगळं ओट्यावरून बारकाईने पाहिलं; आई गेल्याचं तेवढं त्यांच्या नजरेतून सुटलं.

"माई, पेढे कधी देताय?" त्यांनी वसुधाच्या सासूला गाठलं.

"कसले हो?"

"अहो, सुनेकडे बघा की! तोंड उतरलंय, वास सोसत नाही, बसल्या जागी पेंगतेय. बाजूला कधी बसली होती शेवटची?"

माईंनी आठवून पाहिलं. विहीणबाई जायच्या कितीतरी आधी. त्यानंतर या घरात तरी नाही. माईंचा चेहरा उजळला.

खरं म्हणजे वसुधा भावाकडे असतानाच बाजूला बसली होती. पण सुतकाचं घर. देव्हारा बंद, चूल थंड, जेवण शेजारून आलेलं. तिनं शिवू नये असं तिथे काही उरलंच नव्हतं. मग कुणाच्या लक्षात येणार? तिनं हे माईंना सांगितलं.

"तुझ्या भावजयीनं पाहिलं?"

"तिचं कुठे लक्ष होतं, माई!"

"मग झालं तर! अगं, दुःखात असं भान राहत नाही माणसाला."

स्वतःच्या अंगाची साक्ष द्यायलाही दुसरी बाई लागत होती.

त्या दिवसापासून वसुधाला आवळासुपारी मिळू लागली आणि रडण्याची बंदी झाली. डोळ्यांत पाणी दिसलं की माई दटावत, "पोर रडवं निपजेल हं." एवढंही तिनं सोसलं असतं. पण आईचं पहिलं मासिक जवळ आलं होतं.

"माई, मुलुंडला जाऊन येऊ ना?"

"वेडी की काय! पोटुशीनं पिंडापाशी जायचं नसतं. तुझ्या आईला तरी आवडलं असतं का?"

आईला काय आवडलं असतं, तेही आता सासरी ठरू लागलं.

तिनं नवऱ्याला, अनंतला, सांगून पाहिलं. "अहो, तसं काही नाहीये हो."

"नसेलही," तो म्हणाला. "पण काकू म्हणताहेत ना." सचिवालयात वरिष्ठांचा शेरा पडला की खाली वेगळं मत लिहायचं नसतं. हा शहाणपणा तो घरीही वापरत असे.

मासिकाच्या आदल्या दिवशी वसुधा न्हाणीघरातून निघाली ती चुलीकडे न वळता मागल्या खोलीतल्या घोंगडीवर जाऊन बसली. खोटं उघडं पडल्याचा आनंद क्षणभरच टिकला. पोटुशी म्हणून जायचं नव्हतं. आता पोटुशी नव्हती, तर विटाळ म्हणून जायचं नव्हतं.

मालनकाकू आल्या. यांची आता कशी फजिती होते ते पाहायला चार बायका मागोमाग आल्या. काकू उंबऱ्यापाशी थांबल्या, वसुधाकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"गेलं गं बाई! मला स्वच्छ दिसलं होतं. आईपायी झुरत राहिली पोर, त्या जिवाला नाही सोसवलं."

माईंनी हंबरडा फोडला. बघता बघता वाडी गोळा झाली. आई गेली तेव्हा "वय झालं होतं, सुटल्या" म्हणून चहा पिऊन गेलेल्या बायका आता खालच्या आवाजात हळहळत होत्या. जी होती तिच्यासाठी हळहळायला एकीला वेळ झाला नव्हता. जे नव्हतंच त्याच्यासाठी सगळ्या कामं टाकून आल्या.

"काकू, असं काही नव्हतंच—" वसुधा म्हणू लागली.

"रड गं, मोकळी रड," काकू म्हणाल्या. "आता नाही तुला कुणी अडवणार."

वसुधा काकूंच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग गुडघ्यांत तोंड घालून ती रडली. आईच्या खोकल्यासाठी रडली, तिच्या जुन्या चष्म्यासाठी रडली. दुसऱ्या दिवशी, भाऊ मुलुंडला पिंड ठेवत असेल तेव्हा, पुन्हा रडली. कुणी दटावलं नाही. माईंनी दुरून ताट सरकवलं, तेव्हा त्यांचेही डोळे ओले होते.

चौथ्या दिवशी ती न्हाऊन आली.

"झालं ना रडून?" माई म्हणाल्या. "आता पुरे."

"अजून थोडं आहे, माई," वसुधा म्हणाली, आणि कणीक मळायला बसली.