कळंबच्या दारातला गोंडा

सरपंचबाईंच्या निकिताचं रुखवत करून देण्यात मंजुषाला काय मिळणार होतं, ते आधी मांडून टाकू. एक खोली. बेंबळीच्या समाजमंदिराची रस्त्याकडची खोली, दोन्ही अंगाला खिडक्या, डोक्यावर पंखा आणि दाराला धड कडी. सध्या तिथं सरपंचबाईंचे मालक कृष्णराज दुपारभर 'लोकांच्या अडचणी' ऐकायचे. अडचणी ऐकताना त्यांचं घोरणं एसटी थांब्यापर्यंत ऐकू यायचं.

मंजुषाचा विणकामाचा वर्ग तिच्या घराच्या ओट्यावर भरायचा. गावातल्या बाया दुपारी कामं आवरून लोकर, मणी, कापडाच्या चिंध्या घेऊन यायच्या. एका कोपऱ्यात सासऱ्यांची बाज, दुसऱ्या कोपऱ्यात शेळी. मागच्या महिन्यात शेळीनं पिवळ्या लोकरीची अख्खी गुंडी खाल्ली आणि वर अर्धं विणलेलं तुळशीवृंदावन चघळलं. सासरे म्हणाले, "धार्मिक हाय बिचारी." त्या दिवशी मंजुषानं ठरवलं, खोली मिळवायची. आणि मंजुषानं एखादी गोष्ट ठरवली की मिळेल का, असा प्रश्न तिच्या मनात येत नसे. कधी मिळेल, एवढाच यायचा.

शिवगंगा सरपंच झाली तेव्हापासून ती नुसतं "बघू, करू" म्हणायची. ग्रामसभेतही आणि घरीही. पण लेकीचं लग्न कळंबला ठरलं आणि ती स्वतःच चालत ओट्यावर आली.

"खोली देते," ती म्हणाली. "पण रुखवत असं पायजे, की कळंबच्या बाया जेवायच्या इसरल्या पायजेत. आन् आणखी एक. ते समदं निकीनं केलंय."

"निकीला सुईत दोरा ओवता येतो का, वहिनी?"

"म्या सोयरिकीच्या बैठकीतच सांगून बसले. बँकेतनं आली की पोरगी लोकरीला हात लावल्याबिगर जेवत न्हाय, म्हणलं."

"जेवत न्हाय एवढं खरं असंल. बारीक लई झालीय."

"मंजे, खोली पायजे का न्हाय?"

पाहिजे होती. निकिता धाराशिवला बँकेत होती आणि तिच्या नावानं बेंबळीत एक अख्खं रुखवत तयार व्हायला लागलं. मंजुषानं लोकरीचं तोरण घेतलं, दोन रंगांचं, घट्ट विणीचं, खाली गोंडे. खणाच्या कापडाच्या उशा आणि बाहुला-बाहुली बाकीच्यांनी वाटून घेतली. मण्यांची महिरप मात्र वर्गातल्या जास्मिनकडं गेली. मण्यांत जास्मिनचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं, आणि हे तिलाही माहीत होतं.

"ताई, म्हैरप माझ्या हातची म्हनून सांगणार न्हाय कुनी?" जास्मिननं विचारलं.

"माझ्याबी हातचं कुणी सांगणार न्हाय. निकीचं नाव."

"तुमाला खोली मिळणार."

"आपल्याला," मंजुषा म्हणाली. "आपल्याला मिळणार, जास्मिन."

हे 'आपल्याला' मंजुषा फार मोकळ्या मनानं म्हणायची. घरच्या भाकरीसारखं, कुणालाही द्यायची.

निकिता एकदाच येऊन गेली. सगळं बघितलं, तोरण गळ्यात घालून फोटो काढला आणि म्हणाली, "काकू, मी फारच हुशार आहे हो!"

लग्न धाराशिवच्या मंगल कार्यालयात होतं. रुखवत मांडलं आणि कळंबच्या बायांचा घोळका आला. सगळ्यांत पुढं दगडाबाई, नवरदेव दिग्विजयची आजी. तिनं एकही वस्तू समोरून बघितली नाही. उचलायची, पालथी करायची, मागचे टाके बघायची. गाठी कुठं दडवल्यात ते नखानं चाचपायची. महिरप पालथी करून तर ती बराच वेळ उभी राहिली. मंजुषा खांबाला टेकून बघत होती. तिला काळजी नव्हती. तिच्या वर्गातलं काम पालथं केलं तर आणखी देखणं दिसायचं.

"गुणाची हाय पोरगी," दगडाबाई म्हणाली. शिवगंगाच्या चेहऱ्यावर निवडणूक जिंकल्याचं तेज आलं.

मग दगडाबाईनं तोरण घेतलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गोंडे चाचपत गेली आणि थांबली.

"हे पुरं केलंय?"

"व्हय की," शिवगंगा म्हणाली. "कशाची कसूर न्हाय."

"साखरपुड्याला सांगितलं हुतं की तुमाला. आमच्या घरात शेवटचा गोंडा सून बांधती. सासरच्या उंबऱ्यावर बसून. पुरं करून आणलं तर तोरण माहेरचंच ऱ्हातं, आमच्या दाराला लागत न्हाय."

साखरपुड्याला शिवगंगानं काय उत्तर दिलं असेल, हे मंजुषाला न विचारता कळलं. बघू, करू.

दगडाबाईनं कात्री मागवली, शेवटचा गोंडा कचकन कापला आणि शिवगंगाच्या हातावर ठेवला. "हा तुमचा. आमचा पोरगी बांधंल सांजंला."

नवरीच्या खोलीत दार लावून शिवगंगानं तो गोंडा मंजुषाच्या मुठीत कोंबला.

"पाठराखीण म्हणून तूच जा. पोरगी बसली की शेला सारखा करायला वाक आन् दे हातात."

"आन् म्या सापडले तर?"

"सापडलीस तर खोली इसर."

मंजुषानं मनाशी हिशेब केला. गोंडा म्हणजे वर्गातल्या पहिल्या दिवसाचं काम. चार बोटांवर लोकर गुंडाळायची, वरून गाठ, खालून काप, मानेला फास, की झालं. आठवीतल्या पोरींना येतं. बँकेतल्या बाईला न येऊन काय होतंय? तिनं निकिताच्या पुढ्यात लोकर टाकली.

"बस. शिकवते."

"काकू, हाताला मेंदी, कोपरापर्यंत चुडा. पाणीसुद्धा दुसरंच कुणी पाजतंय मला."

"नोटा मोजतीस ना? तीच बोटं."

पहिला गोंडा गाठ मारायच्या आधीच बोटांवरून सुटला. दुसऱ्याची मान एवढी ढिली, की कापल्यावर निम्मी लोकर मांडीवर. निकितानं तो उचलून बघितला. "हा तर आमच्या मॅनेजरसारखा दिसतोय. कडेनं केस, मधे टक्कल." दोघी हसल्या. तेवढ्यात बाहेरून हाक आली. पाठवणी, रडारड, गाडी.

गाडीतही शिकवणी चालू. येडशी मागं पडली तेव्हा तिसरा गोंडा तयार होता, पण एका अंगाला कललेला. दिग्विजयनं पुढच्या सीटवरून वळून विचारलं, "कुठला पक्षी हा?"

"तुम्हीच ओळखा," निकिता म्हणाली. "घरात घेऊन चाललाय."

मंजुषा हसली, पण कापलेला गोंडा तिनं कमरेला खोचून ठेवला होता. शिकवणीवर विश्वास वेगळा आणि खोली वेगळी.

कळंबच्या घरी उंबऱ्यावर पाट मांडला होता. गल्लीतल्या बाया, पोरं आणि वर धरलेले मोबाइल. निकितानं माप ओलांडलं, पाटावर बसली. दगडाबाईनं स्वतःच्या हातानं तिच्या पुढ्यात लोकर आणि कात्री ठेवली, आणि शेजारी तोरण, एका टोकाला रिकामं.

निकितानं लोकर गुंडाळायला घेतली. लोकर बोटांवरून सुटली. मंजुषा शेला सावरायला वाकली. कमरेचा गोंडा मुठीत आलाच होता, तेवढ्यात निकितानं तिचं मनगट धरलं.

"काकू, नको."

मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजी, मला गोंडा येत नाही. तोरणही मी केलं नाही, महिरपही नाही. रुखवतातलं एकही माझं नाही. सगळं या मंजुषाकाकूंनी केलंय. गोंडा मी आज दुपारी शिकलेय. बांधते, पण वाकडा होईल."

मोबाइल आणखी वर गेले. मंजुषाला डोळ्यांसमोर खोलीच्या दोन्ही खिडक्या एकेक करून बंद होताना दिसल्या. नवरदेवाची आई तोंडावर पदर धरून उभी. दगडाबाई मात्र खाली वाकली, तिनं मंजुषाची मूठ उघडली, आतला गोंडा बघितला आणि मोठ्यानं हसली.

"तीन सुना आणल्या म्या ह्या उंबऱ्यावर. तिघींचे गोंडे पाठराखणीच्या कमरंतनं आले. म्या बोलले न्हाय. आन् ही," तिनं नवरदेवाच्या आईकडं बोट केलं, "हिचा तर दुकानातला. किमतीची चिठ्ठीबी काढली नव्हती."

"आत्याबाई!" नवरदेवाची आई किंचाळली. "इतकी वर्सं बोलला न्हाईत आन् आज सगळ्या गल्लीदेखत?"

"आज बोलायला संगत मिळाली."

मग काय, हशाच पिकला; नवरदेवाची आईसुद्धा हसली. त्या हशात निकितानं गोंडा बांधला. वाकडाच झाला. दगडाबाईनं तो तोरणाच्या टोकाला लावला आणि दोन पावलं मागं सरून बघितलं. "दारातनं जाताना रोज दिसंल. चांगलं हाय." मग तिनं रुखवताच्या सामानातली महिरप मागवून घेतली, पुन्हा पालथी केली आणि मंजुषाला विचारलं, "बाई, हे समदं तुझ्या एकटीच्या हातचं?"

गल्ली ऐकत होती. मोबाइल वर होते. मंजुषानं मान हलवली. फक्त मान. तोंडानं ती 'व्हय' म्हणाली नाही, हे तिनं पुढं स्वतःला बरेचदा सांगितलं.

"मग हिला नीट शिकिव. कुठं शिकिवतीस?"

इथं दुसरी एखादी बाई गप्प बसली असती. मंजुषानं पदर खोचला. "बेंबळीला वर्ग हाय माझा. समाजमंदिरात, रस्त्याकडंला. दोन खिडक्या, पंखा."

"मांडवपरतणीला येतोच की आमी. बघतो."

"या की!"

दुसऱ्या दिवशी बेंबळीत शिवगंगा ओट्यावर वाट बघत बसली होती. बातमी मोबाइलवरून कधीच पोचली होती, चित्रासकट.

"अट मोडली. खोली न्हाय."

"अट तुमच्या पोरीनं मोडली, वहिनी. पण ऱ्हाऊ द्या. न्हाय तर न्हाय." मंजुषानं शेळीपुढं चारा टाकला. "विहीणबाई आन् दगडाबाई वर्ग बघायला येणार हायती. म्या त्यास्नी समाजमंदिर सांगून बसले. आता इथंच आणते. बसतील शेळीपाशी. खोली का न्हाय इचारलं तर म्हणीन, सरपंचबाई बघू, करू म्हणत्यात."

शिवगंगा ओट्यावरून उठली. "तू इलेक्शनला उभी ऱ्हाऊ नको हं कधी," ती म्हणाली.

त्याच दुपारी कृष्णराजांना उठवण्यात आलं. त्यांनी विचारलं, "कुणाची अडचण आली?" शिवगंगा म्हणाली, "माझी." खोली झाडली, सतरंजी पसरली, खिडक्या पुसल्या. ओट्यावरच्या बाया गुंड्या आणि डबे घेऊन आत गेल्या. जास्मिननं उजेडाची जागा बघून खिडकीखाली बैठक मारली.

मांडवपरतणीला दगडाबाई आली. निकिताही आली आणि कुणी न सांगता लोकर घेऊन बसली. दगडाबाई प्रत्येकीच्या हातातलं काम बघत बघत खिडकीपाशी पोचली. जास्मिनच्या हातात मण्यांचा रुमाल होता. दगडाबाईनं तो तिच्या हातातून घेतला आणि सवयीनं पालथा केला. मग जास्मिनकडं बघितलं, मग मंजुषाकडं.

"म्हैरप हिच्या हातची."

निकितानं मान वर केली. कळंबला तीच म्हणाली होती, सगळं काकूंचं; तिला खरंच तसं वाटलं होतं.

"व्हय, आज्जी," जास्मिन म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमी कळंबला इचारलं नव्हतं?"

"इचारलं हुतं."

जास्मिननं मंजुषाकडं बघितलं. मंजुषाला काहीतरी बोलायचं होतं. गर्दी होती, गोंधळ होता, असलं काहीतरी. पण तिचं तिलाच दिसलं, की शिवगंगानं निकीचं नाव लावलं तेव्हा आपल्याला जे झोंबलं, तेच आपण हिला दिलं; वर अट घालायचे कष्टही घेतले नाहीत.

"हिच्याच हातची हाय," ती म्हणाली. "म्या कळंबला मान हलवली, ती चुकीची हलवली."

दगडाबाई रुमाल परत देऊन जास्मिनजवळ सतरंजीवर बसली आणि गाठी कशा दडवतेस, ते विचारायला लागली.

पाहुणे गेल्यावर जास्मिन डबा भरत म्हणाली, "ताई, दारावर पाटी लावायचं म्हनत हुता तुमी."

"लावायची की. मंजुषा विणकाम वर्ग."

"माझंबी नाव लावा. तुमचं आधी असू द्या, माझं मागनं. पन अक्षरं सारखी."

मंजुषाला सौदा महाग वाटला. घासाघीस करायला तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कळंबच्या गल्लीत मान हलवून तिनं स्वतःचा भाव आधीच सांगून ठेवला होता.

तर आता बेरीज. शिवगंगानं खोली दिली, पण ती गावाची होती. निकितानं गोंडा दिला, त्यातली लोकर दगडाबाईची होती. बदल्यात निकिताला आजेसासू मिळाली, आणि आजेसासूला खरं बोलणारी पहिली सून. नवरदेवाच्या आईचं जुन्या गोंड्यावरून हसं झालं, पण त्यात ती स्वतःही हसली, म्हणून ते हिशेबात धरत नाही. जास्मिननं आपलंच होतं ते घेतलं. स्वतःच्या पदरचं द्यावं लागलं ते एकट्या मंजुषाला. अर्धी पाटी. ती तिनं दिली, आणि रंगाऱ्यापुढं उभं राहून अक्षरं सारखी आलीत की नाही, तेही तिनंच तपासलं.