येईल, खोकला येईल

रोगी खुर्चीत टेकण्याआधीच डॉक्टरांना रोग कळायचा. साथीच्या दिवसांत तर दार उघडायचीही गरज नसे. बाहेरच्या बाकावर खोकला वाजला, की आत शिक्का उचलला जाई. तो त्यांनी मुद्दाम करून घेतला होता : 'फ्लू. विश्रांती. भरपूर पाणी.' साथ चालू, ताप आहे, खोकला आहे. आणखी कुंडली कशाला मांडायची? सकाळभरात ऐंशी रोगी उरकत. कंपाउंडर ऐटीत सांगे, "आमचे डॉक्टर चपलांच्या आवाजावरून ओळखतात."

मंगळवारी चौसष्टावा नंबर ताईचा होता. आई गेल्यावर डॉक्टरांना वाढवलं ते या थोरल्या बहिणीनं. पण भाऊ डॉक्टर म्हणून रांग मोडणाऱ्यांतली ती नव्हे.

दार उघडलं, खोकला ऐकू आला, शिक्का उठला.

"अरे, बसू तरी का मी?"

"बस ना. ताप किती?"

"एकशे तीन. हुडहुडी भरते. आणि इथे, कमरेच्या वर, एकाच बाजूला ठणकतंय."

"फ्लूत अंग दुखणारच."

"पण मला खोकला नाही रे."

"मग आत्ता कोण खोकलं?"

"माझ्या मागचे आजोबा."

बाहेरून आजोबांनी पुरावा म्हणून पुन्हा एकदा खोकून दाखवलं.

"येईल, खोकला येईल," म्हणत डॉक्टरांनी शिक्का हाणला.

"लहानपणापासून हेच तुझं. प्रश्न पुरता वाचायच्या आत उत्तर लिहायला घ्यायचं."

"पण पास व्हायचो की नाही?"

ताई हसली आणि कमरेवर हात दाबत उठली.

तिनं विश्रांती घेतली, भरपूर पाणी प्यायलं आणि खोकल्याची वाट पाहिली. तो काही आला नाही. शुक्रवारी शेजारणीनं तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तोवर किडनीतला संसर्ग रक्तात पसरला होता. धावतपळत आलेल्या डॉक्टरांपुढे तिथल्या पोरसवदा डॉक्टरणीनं कागद धरला.

"हा शिक्का कुणी मारला? खोकला होता का यांना?"

"नव्हता," डॉक्टर म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांनी प्रश्न पुरता ऐकून घेतला होता.

शनिवारी ताई गेली.

पंधरा दिवसांनी दवाखाना उघडला तेव्हा शिक्का टेबलावर नव्हता. आता डॉक्टर प्रत्येकाला बसवतात, सगळं विचारतात, पाठ ठोकून पाहतात. सकाळी पंचवीस रोगी झाले तरी डोक्यावरून पाणी. बाकावर कुरकुर सुरू असते.

"पूर्वी दारातून ओळखायचे हो," परवा ते आजोबा म्हणाले. "आता मी तोंडावर खोकतोय, तरी विचारतात, खोकला आहे का?"

"वय झालं," कंपाउंडर पुटपुटला.

आजोबांनी नंबराची चिठ्ठी परत केली आणि ते समोरच्या नव्या दवाखान्यात गेले. तिथे म्हणे बसावंसुद्धा लागत नाही.