मुंग्यांना पाण्यात पाहणारी

फुलपाखरांच्या बागेतल्या मागच्या खोलीत एक टेबल होतं आणि त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे होते. मुंग्या वर चढू नयेत म्हणून ही युक्ती भाचीची. बागेची प्रमुख तिची सख्खी आत्या. कामाच्या वेळेत ‘मॅडम’, फाटकाबाहेर ‘आत्या’, असा दोघींचा करार होता.

टेबलावरच्या जाळीच्या पेटीत वेलीच्या कुंडीवर एका निळ्या जातीच्या फुलपाखराच्या अळ्या होत्या. रानात ते दिसेनासं झालं होतं. शोधून शोधून सापडलेल्या एकुलत्या एका मादीची ही पिल्लं. ही गेली की संपलंच.

आणि ती जात होती. पाठीवर पांढरी बुरशी धरायची, अळी आखडायची, गळून पडायची. भाची डोळ्यांत तेल घालून जपत होती. चिमटे उकळत होती, पानं पुसत होती, चुकार मुंगी दिसली की ब्रशनं उडवत होती.

“याहून स्वच्छ काय ठेवू, मॅडम?”

“तू तर मुंग्यांना अक्षरशः पाण्यात पाहतेस,” आत्या म्हणाली, पण हसली नाही.

एका सकाळी वेलीचा शेंडा जाळीतून बाहेर निघून खिडकीच्या चौकटीला टेकलेला दिसला. टोकाच्या पानावर एक अळी होती, चांगली गुबगुबीत. तिच्याभोवती मुंग्यांची ही गर्दी! भाचीनं ब्रश उचलला आणि हात तसाच थांबला. मुंग्या चावत नव्हत्या. तिनं भिंग धरलं. एक मुंगी मिशांनी अळीची पाठ थोपटत होती. पाठीतून थेंब आला. मुंगीनं तो चाटून टाकला.

तो गोड थेंब भाचीला पुस्तकातून ठाऊक होता. तिनं एक मेलेली अळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बुरशी नेमकी त्याच जागेवरून फुटली होती. चाटायला कुणी नव्हतं, म्हणून थेंब साचून नासत होता.

ती टेबलाखाली शिरून वाट्या काढू लागली.

“डोकं ठिकाणावर आहे ना?” आत्या दारातून ओरडली. “मग पंगतच बसव मुंग्यांची!”

“तेच करतेय. याच मुंग्या, खिडकीतल्या. त्या अळ्यांना खात नाहीत, पाहा.”

आत्यानं भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “आणि चुकलं तर?”

“तर मीच मारल्या म्हणेन. पण आत्ताही मीच मारतेय, मॅडम.”

आत्या कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसली आणि शेवटची वाटी तिनं स्वतः ओढून काढली.

मुंग्या चढल्या. त्यानंतर एकाही अळीला बुरशी धरली नाही. अळ्यांचे कोष झाले, कोष काळवंडले. मग एक तडकला. ओला, चुरगळलेला जीव बाहेर आला, कोषालाच लटकला, आणि त्याचे पंख हळूहळू ताणत गेले. ते उघडले तेव्हा खोलीतल्या सगळ्या वस्तू एकदम फिक्या पडल्या.

“आत्याऽऽऽ!”

साऱ्या बागेनं ऐकलं. आत्या एका पायातली चप्पल वाटेत टाकून धावत आली. “कामाच्या वेळेत मॅडम म्हणायचं...” असं काहीतरी म्हणता म्हणता ती जाळीला नाक लावून उभी राहिली.

शेजारचा कोषही हलत होता. त्याच्या पलीकडचाही.

आत्यानं डोळे पुसले, चहाच्या डब्यातली चिमूटभर साखर आणली आणि टेबलाच्या पायाशी ठेवली.

“हे काय?” भाचीनं विचारलं.

“पेढे,” आत्या म्हणाली. “दायांना द्यायला नकोत?”