मुद्दाम बिघडवलेला फोटो

फ्लॅशमावशीला फ्लॅशचा मनापासून तिटकारा होता. लग्नांचे फोटो काढणं हा तिचा धंदा; वीस वर्षांपूर्वी एका लग्नात तिने तो नवऱ्यामुलाच्या डोळ्यांवर मारला, तो बिचारा शिंकला, ती शिंक अल्बमच्या पहिल्याच पानावर गेली आणि हे नाव मावशीला जन्माचं चिकटलं. आता कोणाकोणाला समजावत बसणार?

तर त्या दिवशी एका नोंदणी लग्नाच्या हॉलमध्ये शिरताच तिने कपाळाला हात लावला. समोरची अख्खी भिंत म्हणजे खिडक्याच खिडक्या. बाहेर बागेवर लख्ख ऊन, आणि सह्यांचं टेबल मांडलेलं नेमकं त्या खिडक्यांपुढे.

"बाई, टेबल इकडच्या भिंतीला घेऊ या," मावशी म्हणाली. "मागे एवढा उजेड असला की पुढच्यांचे चेहरे काळे येतात."

"बागेसाठीच तर हॉल घेतलाय," नवरीची आत्या म्हणाली. "बाग दिसलीच पाहिजे."

आत्या म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्ती नुसती कागदावर. आईवेगळ्या भाचीला तिनेच लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे लग्नात तिच्या शब्दाबाहेर खुर्चीसुद्धा हलत नव्हती. प्रत्येक फोटो आपण स्वतः तपासणार, हेही तिने आधीच बजावून ठेवलं होतं. शेवटी तह झाला. सह्या होईपर्यंत पातळ पांढरे पडदे ओढायचे, म्हणजे उजेड जरा मऊ होईल. मग सगळ्यांचा एक फोटो पडदे उघडून, बागेसकट.

इतक्यात नवरीने मावशीला शेजारच्या खोलीत ओढलं. काजळ ओलं झालेलं.

"मावशी, बाबा एका तरी फोटोत हवेत मला. बाकी सगळे फोटो बिघडले तरी चालतील."

"मग आहेत कुठे ते?"

"बागेत. कुंपणामागे. मगाशी खिडकीतून दिसले."

भानगड अशी होती. आत्याने हा हॉल धाकट्या भावाला, म्हणजे नवरीच्या बाबांना, न विचारता ठरवला. भाऊ दहा माणसांत कडाडला, "तुझ्या त्या काचेच्या पेटीत पाऊल टाकलं, तर मिशी उतरवीन." आत्या काय कमी? "तू ये नाहीतर नको येऊस," ती म्हणाली, "त्या दिवशी मी मान वळवून तुझ्याकडे बघणार नाही." दोघांनाही दुसऱ्याच दिवशी पस्तावा झाला असणार. पण बोलायचं आधी कोणी?

"आत्याला दिसले, तर फोटो पुसायला लावेल," नवरी म्हणाली.

मावशीने क्षणभर विचार केला आणि गालातल्या गालात हसली. तिच्या घरचे या हसण्याला फार भितात.

बाहेरून उजेड बघून येते असं सांगून ती थेट कुंपणामागे गेली. तिथे नवा कोट घालून, मिशीला तेल लावून नवरीचे वडील उकिडवे बसले होते. बोलणी खाणाऱ्या विद्यार्थ्यासारखी मान खाली.

"मी आत येणार नाही," ते आधीच म्हणाले.

"बोलावतंय कोण तुम्हाला? ती माळ्याची बादली दिसते का, दादा? ती मधल्या खिडकीखाली उपडी घालायची. पडदे उघडले की दहा मोजायचे आणि वर चढायचं."

"या वयात? बादलीवर?"

"पोरीने मागितलंय."

त्यांनी उठून बादली खिडकीखाली नेली. कलंडायला नको म्हणून ती तीनदा दाबून बघितली.

आत सह्या झाल्या. पडद्यांमुळे चेहरे छान उजळले, आत्याने प्रत्येक फोटो तपासून पास केला. मग मावशीने सगळ्यांना ओळीत उभं केलं, खिडक्यांकडे पाठ आणि तोंडं कॅमेऱ्याकडे. नवरानवरी मधोमध, मध्ये हातभर फट.

"जवळ उभे राहा की," आत्या म्हणाली.

"नको बाई, मधून बाग दिसली पाहिजे ना."

आत्याला तिचाच मुद्दा परत मिळाला, त्यामुळे ती नवरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मावशीने पडदे सरकवले, कॅमेऱ्याशी येऊन उजेडाचं माप बाहेरच्या उन्हावर लावलं आणि मनात मोजायला लागली. आठ, नऊ, दहा. फटीत आधी मिशी उगवली, मग कोट.

खटका पडला. आत्या चष्मा सावरत हजर.

फोटोत सगळं वऱ्हाड कोळशासारखं काळं आलं होतं. नाक ना डोळे, कोण कोणाचं ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. आणि काळ्या नवरानवरीच्या बरोबर मध्ये, भर उन्हात, मिशीसकट एक माणूस झगझगीत उभा होता.

"बिघडला," मावशी घाईने म्हणाली, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंगठा ठेवायला गेली. "म्हटलं होतं ना, काळे येतात. राहू दे कोपऱ्यात कुठेतरी."

आत्याने तिचा अंगठा बाजूला केला. कॅमेरा डोळ्यांजवळ ओढला. आता 'पुसा' म्हणणार, मावशीची खात्रीच झाली. एका फोटोसाठी त्या माणसाला बादलीवर चढवलं, आणि तोही जाणार.

"पुन्हा घ्या," आत्या म्हणाली.

"चेहरे दिसतील असा?"

"असाच. डोळे मिटलेत."

मावशीने परत फोटोकडे पाहिलं. त्या सबंध फोटोत डोळ्यांची जोडी एकच होती, आणि तोंडावर ऊन आल्यामुळे ती घट्ट मिटलेली होती.

आत्या आपल्या जागी गेली. या वेळी नवरीला तिने खांद्याला धरून आणखी हातभर बाजूला सरकवलं, स्वतःही सरकली, आणि कॅमेऱ्याकडे बघत मुख्याध्यापिकेच्या आवाजात, मागच्या काचेपलीकडेही ऐकू जाईल असं म्हणाली, "डोळे उघडे ठेव म्हणावं."

मान मात्र तिने वळवली नाही.