लेकीची लेन्स, बापाचा डोळा

देवाजी रामटेके यांनी भिलाईच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा सुरक्षा निरीक्षक म्हणून. कुणाच्या बोटाला नुसतं खरचटलं तरी ते अपघाताचा फॉर्म भरून घ्यायचे. "लपवलेला अपघात उद्या दुसऱ्याले मारते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांना लांबून पाहिलं की लोक हेल्मेट चढवायचे. स्वतःच्या अंगावर मात्र एवढ्या वर्षांत ओरखडा नाही, आणि हा अभिमान निवृत्तीनंतरही तसूभर उतरला नव्हता.

सल एकच होता. चष्मा इतका जाड, की कारखान्याच्या प्रत्येक फोटोत डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या चकत्या. येत्या बुधवारी सुरक्षा सप्ताहात त्यांचा सत्कार होता. निदान या एका फोटोत तरी आपले डोळे दिसावेत, असं त्यांना फार वाटत होतं.

आणि उपाय तर घरातच रोज कचऱ्यात जात होता. मुलगी दीक्षा नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये शिकवायची आणि एक दिवसाच्या लेन्स लावायची. सकाळी नवी जोडी उघडायची, संध्याकाळी फेकायची. बापलेकीचा चष्म्याचा नंबर योगायोगानं एकच.

"एका दिवसात कोणती वस्तू खराब होते?" ते बायकोला, शालूबाईंना विचारायचे. "माया कारखान्यातला गॉगल आठ वर्षं चालला."

"मंग तोच घालून जा ना सत्काराले!"

रविवारी देवाजींनी कचऱ्याच्या डब्यातून आदल्या दिवशीची जोडी उचलली आणि आरओच्या पाण्यात तीनदा धुतली. माणूस शेवटी सुरक्षेचा! अर्धा तास डोळ्यांशी कुस्ती केल्यावर लेन्स बसल्या. आरशात स्वतःचे डोळे पाहून ते इतके हरखले, की दिवसभर विनाकारण गल्लीत फेऱ्या मारत राहिले. संध्याकाळी उजवा डोळा चुरचुरायला लागला. नवी वस्तू आहे, होईल सवय, असं म्हणून त्यांनी तिकडे काणाडोळा केला. झोपताना लेन्स निघेनात, तर तसेच झोपले.

सकाळी डोळा टमाट्यासारखा लाल.

"धूळ गेली," देवाजी म्हणाले.

दीक्षानं जवळ येऊन पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "बाबा, हे तं मायी लेन्स हाय! पागल हो गए क्या?" तिनं साबणानं हात धुऊन दोन्ही लेन्स काढल्या आणि त्यांना थेट डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी झाडलंच. पाणी आरओचं असलं तरी त्यातले जंतू लेन्सला चिकटतात, एक दिवसाची लेन्स एकच दिवस, आणि डोळा चुरचुरला की ती ताबडतोब काढायची. बुबुळावर जखम सुरू झाली होती. आणखी उशीर झाला असता, तर त्या डोळ्याची नजरही गेली असती. हे ऐकून देवाजी खरोखर घाबरले.

बुधवारी ते काळा चष्मा लावून निघाले.

"कोणी पुछा तो धूळ गेली म्हणजा," दीक्षा म्हणाली. "कोणाले का मालूम पडते?"

देवाजींनी मान डोलावली. मंचावर सूत्रसंचालकानं सांगितलं, "चौंतीस साल, एक खरोंच नहीं!" टाळ्या पडल्या. देवाजींनी भाषणाचा कागद उघडला. पहिलंच वाक्य लपवलेल्या अपघाताचं होतं. शरमेनं त्यांचे कान तापले.

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला, काळा चष्मा काढला आणि उजेडात डोळा चुरचुरत असताना सगळं सांगून टाकलं. कचऱ्याचा डबा, आरओचं पाणी, दिवसभराची मिरवणूक, धुळीची थाप. शेवटी अपघाताचा फॉर्म मागितला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: हौस.

लिहून त्यांनी मान वर केली, आणि फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फोटो काढला. त्यात देवाजींचे डोळे स्वच्छ दिसतात, एक पांढरा आणि एक लालभडक. तो फोटो त्यांनी स्वतः दीक्षाच्या आरशाशेजारी, कचऱ्याच्या डब्याच्या बरोबर वर लावला आहे. खाली तारीख, वेळ आणि जखमीचं पूर्ण नाव.