कडक

चौतीस वर्षं चाललेला बाबांचा बँड मोडला, तो भांडणाने नव्हे. दोघे गेले, आणि ड्रमर लेकीकडे चार दिवस म्हणून गेला तो तिथलाच झाला. उरले एकटे बाबा. मग सत्तरी उलटल्यावर त्यांनी मनावर घेतलं, की स्वतःच्या नावाचा एक तरी अल्बम करायचा. गाणी आपली, गिटार आपली, आणि मिक्सिंगमध्येही कुणाला लुडबुड करू द्यायची नाही.

मुलीने पहिलं गाणं ऐकलं तेव्हा तिच्या दातांवर शिरशिरी आली. गिटार पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाजत होती.

बाबांच्या कानांची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. उभा जन्म अँप्लिफायरपुढे गेलेला. बारीक, टोकदार आवाज आता त्यांच्यापर्यंत पोचत नसत. बोलण्यातले 'स' नि 'श' तर वाटेतच गळून पडत. सातला या म्हटलं की ते आठला येत आणि वर, तुलाच मेलीला घाई, असं तिलाच ऐकवत. कानाच्या मशीनचं नाव काढलं की दिवसभर अबोला.

त्या दुपारी अल्बम कंपनीकडे जायचा होता. रेकॉर्डिस्टने तिला स्टुडिओच्या दाराशीच गाठलं. पंधरा वर्षं त्याने बाबांबरोबर काम केलं होतं.

"ताई, सरांना जे बारीक आवाज ऐकू येत नाहीत, तेच ते वाढवत नेतात," तो म्हणाला. "मी गुपचूप ते आवाज कमी करून एक वेगळी प्रत ठेवलीय. पण त्यांना अंधारात ठेवून ती पाठवायला हात धजत नाही. तुमचं ऐकतील ते."

असं बाहेर गेलं तर लोक हसतील, हे त्याने बोलून दाखवलं नाही. तिला ते कळत होतं.

दोघं आत गेली तेव्हा बाबा शेवटचं गाणं डोळे मिटून ऐकत होते. आईवरचं होतं ते. संपल्यावर त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि भुवया उंचावल्या. ती त्यांच्या गुडघ्याशी वाकली. रात्रभर घोळवलेली वाक्यं ऐन वेळी पळाली. एकच शब्द हाती लागला.

"बाबा, कर्कश वाटतंय."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"कडक?" ते म्हणाले. "खरंच कडक?"

तिने तोंड उघडलं.

"आजवर कधी म्हणाली नाहीस गं," बाबांनी तिचा हात धरला. "आपलं 'बरंय', 'ठीक आहे'. तुझी आई गेली तशी मी आशाच सोडली होती, घरातलं कुणी असं म्हणेल याची."

खरं होतं ते. वाद्यांच्या गोंगाटात वाढलेल्या मुलीने बापाच्या गाण्याला कधी मनापासून दाद दिली नव्हती. आता पुन्हा तोच शब्द, सावकाश, ओठ दाखवून म्हणायचा, एवढंच तर बाकी होतं. कागद होता, पेनही होतं. तिचा हात मात्र त्यांच्या हातात होता आणि तो सोडवून घेणं तिला जमेना.

बाबांनी खुशीत रेकॉर्डिस्टला हाक मारली. पोरगी कडक म्हणतेय, त्यांनी जाहीर केलं.

"पण या शेवटच्या गाण्याला अजून जरा धार हवी. दे बरं वाढवून, मग पाठव."

रेकॉर्डिस्टने तिच्याकडे पाहिलं. त्याने तिचा शब्द नीट ऐकला होता. ती मानेने तरी नाही म्हणेल म्हणून तो थांबला, आणि मग त्याने बटण वर सरकवलं.