समीकरणाचं शेपूट

बारावीच्या प्रिलिमचे फिजिक्सचे पेपर साधना मॅडम भर वर्गात वाटायच्या, आणि ज्याचं चुकलं त्याला उभं करून चूक फळ्यावर मांडायच्या. नाशिकच्या त्या कॉलेजात तसा रिवाजच होता. १९९७च्या जानेवारीत पाळी आली छायाची. सायखेड्याहून एसटीने येणारी, कोथिंबीर पिकवणाऱ्या घरातली मुलगी.

प्रश्न थोरियमच्या बीटा क्षयाचा होता. वस्तुमानांक दोनशे चौतीस तसाच, अणुअंक नव्वदचा एक्याण्णव, बाहेर पडला एक इलेक्ट्रॉन, झालं समीकरण. छायाने त्यापुढे अँटिन्यूट्रिनो नावाचा आणखी एक कण जोडला होता.

"हे शेपूट कुठून आणलंस गं?" मॅडम म्हणाल्या. वर्ग खिदळला.

छाया म्हणाली, "मॅडम, इलेक्ट्रॉनला चार्ज असतो, याला नसतो. म्हणून याच्याशिवायही अंक जुळतात. पण ऊर्जा जुळत नाही. उरलेली हा घेऊन जातो."

आता खरं सांगायचं तर बाईंना हे ठाऊक होतं. एमएस्सीला घोकलं होतं की! पण कालची पोर आपल्याला शिकवते म्हटल्यावर बाईंचं डोकं फिरलं. "गाइडमध्ये आहे का? नाही ना? मग बस खाली." आणि लाल पेनाने अर्धा मार्क कापला.

एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! पण त्याच आठवड्यात तिचे वडील, गोटीराम, टोपी हातात धरून स्टाफरूमच्या दारात उभे राहिले.

"छाया म्हणती, फिजिक्सच शिकायचं. आमाला त्यातलं काय कळत नाय. तुमी म्हणाल तसं करू."

बाईंचा राग अजून नाकावरच होता. "डीएडला घाला," त्या म्हणाल्या. "फिजिक्स तिला झेपायचं नाही." गोटीराम हात जोडून गेले, आणि शब्दाला जागून मुलीला डीएडला घातलं.

ते वाक्य बाईंना दहा वर्षं सलत राहिलं. किती हुशार पोरी आल्या नि गेल्या, पण ऊर्जेचं कुणी विचारलं नाही.

मग एकदा हरसूलला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेल्या, तर तिथे पहिलीच्या वर्गावर छाया! धावत आली, वाकून पाया पडली, स्वतः चहा घेऊन आली. बाईंना राहवेना. एकदाचं सांगून मोकळं व्हावं, असं वाटलं.

"छाया, तुझं ते समीकरण बरोबर होतं. मला तेव्हाही माहीत होतं. वडिलांना जे बोलले ते निव्वळ रागाच्या भरात. चुकलंच गं माझं."

छायाने कपबशी खाली ठेवली.

"मला वाटायचं, तुम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून तर मी कधी राग धरला नाही, मॅडम. आत्ता पाया पडले, तेही त्यामुळेच."